ग्लेंडा सग्डेनची जादा खोली

कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, पत्रात लिहिलं होतं की ग्लेंडा सग्डेन हिच्या घरात एक बेडरूम जादा आहे. ग्लेंडाने पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग खरोखरच वरच्या मजल्यावर जाऊन बघून आली. न जाणो, चौतीस वर्षांत एखादी खोली आपल्या नजरेतून सुटली असेल!

सुटली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी दोन दारं होती. एक तिच्या झोपायच्या खोलीचं. दुसरं उघडलं की आधी इस्त्रीचं टेबल अंगावर यायचं, त्याच्यामागून नाताळचं प्लास्टिकचं झाड, आणि त्या दोघांना हाताने थोपवून आत डोकावलं तर कोपऱ्यात जिन्याचं डोकं जमिनीतून वर आलेलं दिसायचं, लाकडी पेटीने झाकलेलं. इंग्लंडातल्या ब्रॅकनथॉर्प गावात असल्या जागेला बारकी खोली म्हणतात. ग्लेंडाची मुलगी ॲन्जी सोळा वर्षांची होईपर्यंत तिथे जमिनीवर गादी टाकून झोपली, पाय त्या पेटीवर ठेवून. आता ती ऑस्ट्रेलियात असते आणि अजून तिला पायाखाली दोन उशा लागतात. त्यावरून नवराबायकोत भांडणं होतात म्हणे.

तर ही जादा बेडरूम. सरकारने नवा नियम काढला होता. कौन्सिलच्या घरात राहता, भाड्यासाठी मदत घेता, आणि घरात झोपणाऱ्या माणसांपेक्षा खोल्या जास्त? मग मदत कापणार. एप्रिलपासून ग्लेंडाचे आठवड्याला बारा पौंड गेले. लिनेट गल्लीत, जिथे ग्लेंडाचं घर चौदा नंबरचं, या प्रकाराला सगळे बेडरूमपट्टी म्हणायचे, आणि म्हणताना पुढे आणखी एक शब्द जोडायचे, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

ग्लेंडा तशी हातपाय गाळणारी बाई नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अठ्ठावीस वर्षं डावाने पोरांना वाढलं. वाटाणे ताटात टाकून उठणाऱ्याकडे ती नुसतं बघायची आणि पोरगं परत खाली बसायचं. अजूनही बसमध्ये दाढीमिशावाले बाप्ये तिला बघून ताठ होतात. नवरा बॅरी डार्ट्सच्या संघातल्या एका बाईबरोबर स्पेनला पळाला तेव्हा ती तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिने त्याच्या नेमबाजीच्या फळ्यावर कपडे वाळत घालायच्या दोरीचा खिळा ठोकला आणि विषय संपवला. गुडघा कामातून गेला, नोकरी गेली, तरी तिचं हसू गेलं नाही. ते हसू म्हणजे एक प्रकरणच होतं. एकदा सुरू झालं की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागायचं.

कौन्सिलचं म्हणणं, परवडत नसेल तर लहान घरात जा. लहान घरं गावात नव्हतीच. फोनवरच्या मुलीने शोधून शोधून एक काढलं, अकरा मैलांवर, सहाव्या मजल्यावर.

"लिफ्ट आहे," मुलगी म्हणाली.

"आणि माझे पडदे? त्या खिडक्यांना माझे पडदे बसायचे नाहीत," ग्लेंडा म्हणाली.

पडद्यांचं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण पडदे नव्हते. खरं कारण बारक्या खोलीच्या भिंतीपलीकडे राहत होतं, त्याचं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि नाव विल्फ बूथरॉइड.

विल्फ जन्मभर कौन्सिलचा सुतार. गल्लीच्या टोकाच्या, जरा थोरल्या घरात तो एकसष्ट सालापासून राहत होता. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको एनिड गेली. तेव्हापासून रोज सकाळी आठाच्या ठोक्याला तो शेगडीच्या लोखंडी सळईने भिंतीवर तीन ठोके मारायचा: उठलोय. ग्लेंडा बारक्या खोलीत जायची, इस्त्रीच्या टेबलाला कोपराने ढकलायची आणि शाळेतून न विचारता आणलेल्या डावाने दोन ठोके परत द्यायची: बरं. एवढंच. दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी ठोके आले नाहीत. ग्लेंडा रात्रीच्या कपड्यांतच त्याच्या घराची किल्ली घेऊन धावली, तर विल्फ जिन्याच्या पायथ्याशी खुबा मोडून पडलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर काही खरं नव्हतं.

अकरा मैलांवर सळईचा आवाज येत नाही. ग्लेंडाला झोप लागायची नाही ती या एका विचाराने.

म्हणून तिने तक्रार केली: ही खोली बेडरूमच नाही, हिच्यात पलंग मावत नाही. कौन्सिलचं उत्तर आलं. गुरुवारी अकरा वाजता आमच्या अधिकारी येऊन बघतील. साधा, एका माणसाचा पलंग आत बसला तर ती बेडरूम. नाही बसला तर नाही.

"एवढंच ना?" समोरच्या घरातली मेव्हिस म्हणाली. मेव्हिस आपल्या स्वयंपाकघरात गल्लीतल्या बायकांचे केस करून द्यायची, आणि गल्लीतली कुठलीही गोष्ट तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जायची नाही. "मग आपण आधीच पलंग घालून बघू. माझ्या पोराचा पडून आहे."

बुधवारी दुपारी मेव्हिसचे दोन दांडगे जावई पलंग घेऊन जिना चढले. विल्फ वर खुर्ची टाकून, चहाचा मग घेऊन देखरेखीला बसला. पलंग सव्वासहा फूट. खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच फूट आठ इंच. दुसऱ्या बाजूने लावावा तर जिन्याची पेटी आडवी. जावयांनी तो उभा केला, आडवा केला, तिरका केला. एकदा तर धाकटा जावई पलंगाच्या मागे असा अडकला की नाताळच्या झाडाखालून फक्त त्याचा आवाज येत होता.

"नाही बसत!" थोरल्याने घाम पुसत जाहीर केलं. "सात इंच कमी!"

"नाही बसत!" मेव्हिस खिडकीतून गल्लीला ओरडली. खालून टाळ्या आल्या.

ग्लेंडा मोडक्या गुडघ्यावर गिरकी घेत नाचली. आनंद तिच्या डोक्यात गेला होता, दुसरं काय! "सात इंच!" ती म्हणाली. "अहो विल्फ, आता तर तुम्हालासुद्धा जमायचं नाही!"

विल्फने चहाचा मग खाली ठेवला. ग्लेंडाने जरा नीट बघितलं असतं तर तिला दिसलं असतं की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आहेत.

जावई म्हणाले, पलंग उद्या नेतो, दम लागलाय. ग्लेंडा मेव्हिसकडे केस करून घ्यायला गेली. साहेबांपुढे नीटनेटकं दिसायला नको? अर्ध्या डोक्याला रोलर लागले होते, मेव्हिस स्पेनवाल्या बॅरीची ताजी खबर सांगत होती, तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज यायला लागला. खर्र, खर्र, खर्र.

"कोण कापतंय गं?" मेव्हिसने विचारलं.

ग्लेंडाने आरशात स्वतःकडे बघितलं. "माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे असते," ती म्हणाली आणि गळ्यातल्या प्लास्टिकच्या पडद्यासकट, अर्ध्या डोक्याचे रोलर हलवत रस्त्यावरून धावत सुटली. तिला धावताना गल्लीने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

वर विल्फ गुडघ्यांवर बसून भुसा झाडत होता. पलंग बारक्या खोलीत बसला होता. अगदी देखणा बसला होता. उशीकडची बाजू विल्फच्या घराच्या भिंतीला चिकटून, आणि पायथा? पायथा समोरच्या भिंतीतून आरपार जाऊन ग्लेंडाच्या झोपायच्या खोलीत चार इंच बाहेर निघाला होता. भिंतीला पलंगाच्या मापाचं चौकोनी भोक, आणि भोकाच्या चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केलेली लाकडी पट्टी.

"बसला," विल्फ म्हणाला. तो तृप्त होता. "पट्टी साधीच मारलीये. नक्षीला वेळ नव्हता."

ग्लेंडाने आधी पट्टीकडे बघितलं, मग विल्फकडे. मग म्हणाली: "अहो, तो बसवायचा नव्हता!"

"म्हणजे?"

"तो बसत नाही हे दाखवायचं होतं! दुपारभर आम्ही दुसरं काय करत होतो?"

"मला वाटलं, तुम्हाला जमत नाहीये."

ग्लेंडाला हसू आलं. ते खालून, गुडघ्यातून आलं, आणि थांबेना. भिंतीला धरावं म्हणून हात टेकला तर हात भोकात गेला. मेव्हिस धापा टाकत मागून आली, तिने एकदा या खोलीत बघितलं, एकदा त्या खोलीत बघितलं आणि तीही जिन्यात बसून हसायला लागली. विल्फ दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"काढा तो बाहेर," शेवटी ग्लेंडा डोळे पुसत म्हणाली.

"निघायचा नाही. स्क्रू मारलेत. मी काम केलं की हलत नाही."

आणि मग तिचं हसू कधी संपलं आणि रडू कधी आलं हे तिलाही कळलं नाही. "मला जावं लागेल, विल्फ," ती म्हणाली. "अकरा मैल लांब. सकाळचे तुमचे ठोके कोण ऐकणार?"

विल्फने हातातली करवत हळूच पलंगावर ठेवली. एवढा वेळ त्याच्या डोक्यात फक्त सात इंच होते. आता बाकीचं सगळं एकदम आत शिरलं. "त्या पत्रात हे होतं?" त्याने विचारलं. "मला वाटलं, पडद्यांचं काहीतरी आहे."

गुरुवारी बरोबर अकरा वाजता बेल वाजली. दारात पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, हातात फॉर्मची पाटी, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र. ग्लेंडाकडे बघताच ती ताठ उभी राहिली.

"मिसेस सग्डेन? तुम्ही?"

ग्लेंडाने डोळे बारीक केले. "शाझिया अख्तर. कस्टर्ड न खाणारी."

"आता खाते," शाझिया घाईघाईने म्हणाली.

चहा झाला. चहा घेतल्याशिवाय कुणाला वर नेणं शोभलंही नसतं. मग सगळे जिना चढले. विल्फ चर्चला जायचा कोट घालून सगळ्यांच्या मागे होता. ग्लेंडाने तिच्या खोलीतल्या पायथ्यावर धुण्याची टोपली, टॉवेल, दोन गाऊन आणि एक घोंगडी असा डोंगर रचून ठेवला होता. शाझियाने आधी बारकी खोली उघडली.

"बसलाय की पलंग," ती म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण तिने फॉर्मवर खूण केली. ग्लेंडाने मनातल्या मनात हिशेब केला. बारा पौंड गेले, घर गेलं, भिंत गेली.

शाझियाने माप घ्यायला टेप काढला. उशीपासून सुरुवात केली, पलंगावरून रांगत पुढे गेली आणि भिंतीपाशी थांबली. "मिसेस सग्डेन, या पलंगाला पाय कुठे आहेत?"

मेव्हिसने छताकडे बघितलं.

शाझिया उठली, शेजारच्या खोलीत गेली, घोंगडी उचलली, गाऊन उचलले, टॉवेल उचलले. "हा पलंग दोन खोल्यांत आहे!"

"सात इंच कमी पडत होते," विल्फ पुढे झाला. "लाकडी भिंत आहे, कापायला सोपी. ही पट्टी बघ पोरी, जोड दिसतोय का कुठे?"

"एक मिनिट. लाकडी?" शाझियाने बाकीच्या भिंतींवर बोटांनी टकटक केली. वीट, वीट, वीट. मग या भिंतीवर केली. ढब ढब. ती खाली बसली, फोनचा दिवा लावला आणि भोकाच्या कडेला, पट्टीच्या वरच्या फटीतून आत डोकावली. "या तर चहाच्या खोक्यांच्या फळ्या आहेत. आणि आत पेन्सिलने काहीतरी लिहिलंय."

विल्फ एक पाऊल मागे सरला. जुने सुतार भिंत बंद करण्यापूर्वी आतल्या बाजूला नाव आणि तारीख लिहून ठेवतात. कुणाला दिसावं म्हणून नाही, तशी रीतच असते. शाझियाने मान वाकडी करून मोठ्याने वाचलं:

"'डब्ल्यू. बूथरॉइड. शुक्रवार, आठ ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठावन्न. चौदा नंबरच्या जुळ्यांसाठी. साहेबाला माहीत नाही. उद्या माझं लग्न. एनिडला उशीर चालत नाही, वेळेवर पोचायचं.'"

विल्फने भिंतीला हात लावला, मग पलंगाच्या त्या चार इंचांवर बसला. "नाही पोचलो," तो म्हणाला. "सकाळी एक दार बसवायचं राहिलं होतं. एनिडच्या गाडीने चर्चला सात फेऱ्या मारल्या."

"अहो, ही भिंत तुम्ही घातलीत?" ग्लेंडाने विचारलं. "आणि मला कधी बोलला नाहीत?"

विल्फने आवाज खाली आणला. "त्या उन्हाळ्यात तीसेक घरांत घातल्या. लोकांची पोरं वाढली होती, खोली एकच. डुकराचं मांस भरलेल्या एका पायच्या, म्हणजे मोठ्या कचोरीसारख्या खाण्याच्या, बदल्यात भिंत घालून द्यायचो, कामाच्या वेळेनंतर. कुठल्या घरांत ते आता आठवत नाही. आणि साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती."

"तो साहेब वारून वीस वर्षं झाली!" मेव्हिस म्हणाली.

"सवय आहे," विल्फ म्हणाला.

शाझिया जमिनीवरच बसून होती. "थांबा. म्हणजे कौन्सिलने इथे एकच खोली बांधली होती? मग आमच्या कागदांवर दोन बेडरूम कशा?"

आता ग्लेंडाला आठवलं. "त्र्याऐंशी साली एक माणूस आला होता, पाय दुखणारा. जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, दारं मोजली, खाली येऊन तीन बिस्किटं खाल्ली आणि गेला."

शाझियाने ऑफिसला फोन लावला, तळघरातला जुना नकाशा काढायला लावला आणि तो सापडेपर्यंत दोन कप चहा प्यायली. नकाशात वर एकच खोली होती. दोन खिडक्या, एक दार, एक बेडरूम. फॉर्मवर असल्या गोष्टीसाठी जागा नव्हती. तिने आधीची खूण खोडली आणि कडेने, फॉर्म गोल गोल फिरवत, अख्खी हकीकत लिहिली. जाताना ग्लेंडाने तिला वाटीभर कस्टर्ड दिलं आणि ती समोर उभी राहून बघत राहिली. शाझियाने संपवलं.

पुढचे तीन आठवडे लिनेट गल्लीत जिकडे तिकडे टकटक चालली होती. लोक आपापल्या भिंतींना कान लावून उभे. सात घरांत चहाची खोकी निघाली आणि सात घरांत विल्फची पेन्सिल. सहा नंबरात: 'एनिड बोलत नाही.' नऊ नंबरात: 'अजून नाही.' अकरा नंबरात: 'बोलली! पण रागावून.' लोक खिडक्यांतून एकमेकांना वाचून दाखवत होते, आणि विल्फ दाराआड बसून, लाल कानांनी, सगळं ऐकत होता. पंचावन्न वर्षांपूर्वीचं त्याचं प्रेम गल्लीने सातही भिंतींमधून वाचून काढलं. अकरा नंबरवाल्यांनी तर फळीला काच बसवली.

मग पत्र आलं. चौदा नंबर, एक बेडरूम. कापलेली मदत एप्रिलपासून परत. खाली एक ओळ होती: अनधिकृत भिंत भाडेकरूने काढून टाकावी.

भिंत काढायला विल्फच आला. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. आठ ऑगस्टची फळी त्याने फडक्यात गुंडाळून घरी नेली. ग्लेंडाची खोली आता दोन खिडक्यांची झाली, थेट विल्फच्या भिंतीपर्यंत. तिने आपला पलंग त्या भिंतीला लावला. डाव उशीशी टांगला. आता उत्तर द्यायला उठावंही लागणार नव्हतं.

पहिल्या सकाळी आठ वाजले. ठोके नाहीत. आठ वाजून दोन मिनिटं. ग्लेंडाने एक पाय चपलेत घातला. आठ वाजून चार. हातात किल्ली घेऊन ती जिन्यापर्यंत पोचली आणि मागून आवाज आला. एक, दोन, तीन. जरा थांबून चौथा, वेगळ्याच आवाजाचा, लाकडावरचा.

तिने दोन ठोके परत दिले, तेही रागाने, आणि तशीच गाऊनवर त्याच्या घरी जाऊन, जिना चढून, वरच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "चार मिनिटं उशीर! माझा जीव जायचा बाकी होता. आणि चौथा ठोका कशाचा?"

विल्फ सळई हातात घेऊन उभा होता. त्याच्या मागे, भिंतीवर, जिथे तो रोज ठोकायचा त्याच्या शेजारीच, ती फळी लावलेली होती. साध्या पट्टीत.

"चौथा तुला नव्हता," तो म्हणाला. "आधी तिला मारावा की तुला, तेच ठरत नव्हतं."

ग्लेंडाने फळीकडे बघितलं.

"आधी माझे तीन मारत जा," ती म्हणाली. "एनिडला तुमची वाट बघायची सवय आहे."